स्पाय सिनेमातला कार चेज बघायचा कसा? नवीन लोकांसाठी एक गाइड

स्पाय थ्रिलर बघायला नुकतीच सुरुवात केली की एक गोष्ट हमखास होते. जुने लोक म्हणतात अरे त्या सिनेमातला कार चेज काय भारी आहे, तो दुसरा तर विचारूच नको, आणि आपण बघतो तर काय, गाड्या पळतायत, काचा फुटतायत, लोक बाजूला उड्या मारतायत, दहा मिनिटांनी संपलं. मजा आली पण एवढं काय त्यात, असं वाटतं. तर ज्यांना असं वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण थोडं कुठे बघायचं ते कळलं तर हेच सीन पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात.

आधी मुद्द्याचं सांगतो. पोलीस चोराच्या मागे लागला तर तो त्याचं रोजचं कामच करत असतो. हेराचं तसं नाही. हेराचं अख्खं काम म्हणजे कोणाच्या नजरेत न येणं. त्यामुळे ज्या क्षणी त्याच्या मागे गाडी लागते त्या क्षणी त्याचं लपणं फसलेलं असतं, तो कुठे आहे हे कोणाला तरी कळलेलं असतं, आणि ते कोणी सांगितलं हा प्रश्न इंजिनच्या आवाजाखाली सतत चालू असतो. चांगला स्पाय चेज म्हणजे उघडा पडलेला माणूस परत गायब व्हायला बघतोय. रेस जिंकायची नसते, गुंगारा द्यायचा असतो. हे एकदा डोक्यात बसलं की वेग, धडका, स्फोट हे सगळं दुय्यम होतं आणि तुम्ही त्या माणसाचे निर्णय बघायला लागता. पुढे थोडे स्पॉयलर आहेत, पण मी सांगतोय ते सिनेमे माहीत असूनही तेवढेच चढतात.

पायरी १: सुरुवात छोट्या गाडीपासून करा

पहिलाच सिनेमा म्हणून सगळ्यात मोठा, सगळ्यात महागडा चेज निवडू नका. २००२ चा द बॉर्न आयडेंटिटी घ्या. पॅरिस, आणि गाडी कुठली तर जुनी लाल मिनी, खेळण्यातली वाटावी अशी. माणसाला स्वतःचं नाव धड आठवत नाहीये, शेजारी बसलेली मरी ही त्याने पैसे देऊन लिफ्ट घेतलेली मुलगी.

आता यातला चेज सुरू व्हायच्या आधीचा एक मिनिट नीट बघा. पोलीस जवळ येतायत. बॉर्न घाबरलेला दिसत नाही, तो आधी नकाशा बघतो, मग तिला विचारतो गाडीची काळजी घेतेस का, टायर कसे आहेत. ती सांगते गाडी थोडी उजवीकडे ओढते. त्याने तिला उतरायची शेवटची संधी दिलेली असते, आणि ती काहीच उत्तर न देता सीटबेल्ट लावते. बास. एकही गाडी अजून जोरात पळालेली नाही पण आपल्याला तीन गोष्टी कळल्या, की याला गाडी चालवण्याचं ट्रेनिंग आहे जे त्याला स्वतःलाही आठवत नाही, की गाडी काही खास नाही, आणि की ही मुलगी आता स्वतःच्या मर्जीने यात आलीये. पुढे गाडी जिन्यावरून खाली जाते तेव्हा तो तिला आधी सांगतो की पुढे जरा धक्का बसणार आहे, आणि तेवढ्या गडबडीतही हसू येतं. ते हसू त्या आधीच्या एका मिनिटाची कमाई आहे.

पायरी २: क्लिप बघू नका

हे मी हात जोडून सांगतो. बेस्ट टेन कार चेज वगैरे व्हिडिओ असतात त्यातून या प्रकाराची ओळख करून घेऊ नका. क्लिपमध्ये फक्त पत्रा दिसतो. कोण कोणाचा माग काढतंय, सूटकेस कोणाकडे आहे, शेजारच्या सीटवरच्यावर विश्वास ठेवायचा का नाही, हे सगळं कापलं जातं आणि मग साहजिकच सगळे चेज सारखेच वाटतात. अख्खा सिनेमा बघायला वेळ नसेल तर निदान चेजच्या आधीची पंधरा मिनिटं आणि नंतरची पाच मिनिटं धरून बघा.

बघताना स्वतःला फक्त दोन प्रश्न विचारायचे. याला आत्ता नक्की काय हवंय? आणि नाही मिळालं तर काय जाईल? उत्तर एका वाक्यात येत असेल तर चेज चांगला निघायची शक्यता भरपूर. येत नसेल तर कितीही गाड्या फुटल्या तरी तुम्ही मधेच मोबाइल काढणार, आणि त्यात चूक तुमची नाही.

पायरी ३: कोण कुठे आहे ते धरून ठेवा

इथे जरा थांबतो कारण नवीन माणसाला सगळ्यात जास्त फायदा या पायरीचा होतो. चांगल्या चेजमध्ये कुठल्याही क्षणी पॉज केलं तर तुम्हाला सांगता आलं पाहिजे की पुढे कोण आहे, मागे कोण आहे, मधे अंतर किती आहे आणि रस्ता कसला आहे. खरंच पॉज करून बघा, पहिल्या वेळी नको, दुसऱ्या वेळी.

यासाठी सिनेमा एकच, रोनिन, १९९८. शीतयुद्ध संपल्यावर बेकार झालेले, कोणाचेच न राहिलेले एजंट एका सूटकेसच्या मागे आहेत, आणि त्या सूटकेसमध्ये काय आहे ते आपल्याला शेवटपर्यंत सांगत नाहीत. दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर, ज्याने १९६६ मध्ये ग्रां प्री नावाचा रेसिंगवरचा सिनेमा केला होता आणि पळत्या गाडीवर कॅमेरा कसा लावायचा हे त्याला तेव्हापासून पाठ होतं. रोनिनचा पॅरिसमधला चेज बघा, पुढे बीएमडब्ल्यू, मागे प्यूजो ४०६, प्यूजो रॉबर्ट डी निरो दामटतोय आणि शेजारी जाँ रेनो. दोन्ही गाड्या बोगद्यात आणि हायवेवर उलट्या दिशेने घुसतात, समोरून येणारं ट्रॅफिक अंगावर येतं, आणि एवढ्या गोंधळात एकदाही असं होत नाही की आपण विचारतो अरे ही गाडी कोणाची. कॅमेरा खाली बंपरच्या उंचीवर, रस्ता सरसर पायाखालून जातोय, मग ड्रायव्हरचा चेहरा, मग पुढची गाडी, परत रस्ता. आधी जागा दाखवायची मग धोका दाखवायचा, हा क्रम तो मोडत नाही.

आणि चेहरे बघा त्यातले. डी निरो आणि रेनो खरोखर वेगात जाणाऱ्या गाडीत बसलेले आहेत. त्यासाठी उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्या वापरल्या, खरा ड्रायव्हर उजवीकडे, आणि डावीकडे नटासमोर खोटं स्टिअरिंग. म्हणजे गाडी कुठे वळणार हे नटाच्या हातातच नाही! मग चेहऱ्यावरचा तो ताण निम्मा तरी अभिनय नसणारच.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर २००८ च्या क्वांटम ऑफ सोलेसची सुरुवात बघा. इटलीतला तळ्याकाठचा रस्ता, बोगदे, काळ्या आल्फा रोमिओ, मधे अॅस्टन मार्टिन, सामान एकदम उत्तम, पण कट इतके भराभर की कुठली काळी गाडी कुठे होती ते डोळ्यांना धरताच येत नाही. मला तो सीन दर वेळी हळहळ लावतो कारण स्टंट खरे आणि जबरदस्त आहेत, फक्त ते बघायला आपल्याला वेळच देत नाहीत.

पण म्हणून फास्ट एडिटिंग वाईट असं धरून बसू नका. द बॉर्न सुप्रिमसी, २००४, मॉस्को. कट खूप, कॅमेरा हलतोय, धडक कधी बसली ते बसल्यावर कळतं. तरीही तो सीन चालतो आणि माझ्या मते या प्रकारातल्या सगळ्यात वरच्या तीनात येतो, कारण तिथे बॉर्नच्या खांद्यात गोळी आहे, चोरलेली पिवळी व्होल्गा टॅक्सी आहे, मागे काळी मर्सिडीज जी-क्लास, आणि आपण पूर्ण वेळ त्याच्याबरोबर गाडीच्या आत आहोत. त्यालाच धड दिसत नाहीये तर आपल्याला कसं दिसेल. गोंधळ त्याचा आहे, कॅमेऱ्याचा नाही. हा फरक ओळखता यायला लागला की समजा तुमची नजर तयार झाली.

पायरी ४: एकदा डोळे मिटून ऐका

संगीत कधी बंद होतं तिकडे लक्ष ठेवा. याचं मूळ उदाहरण स्पाय सिनेमा नाहीये, पोलिसांचा आहे, पण तो टाळून पुढे जाताच येत नाही. बुलिट, १९६८, सॅन फ्रान्सिस्को, स्टीव्ह मॅक्वीन हिरव्या मस्टँगमध्ये आणि समोर काळी डॉज चार्जर. सुरुवातीला चार्जरवाले मारेकरी मॅक्वीनच्या मागावर असतात, लालो शिफ्रिनचं संगीत दबक्या पावलांनी चाललेलं असतं. मग मस्टँग दिसेनाशी होते. आणि चार्जरच्या ड्रायव्हरला ती दिसते कुठे, तर स्वतःच्या आरशात, मागे. शिकारीच्या मागे सावज लागलं. तो शांतपणे सीटबेल्ट लावतो, गाडी एकदम वळवतो, आणि टायर किंचाळतात त्या क्षणी संगीत बंद. त्यानंतर फक्त इंजिन, गिअर, टायर, उतारावरून उडून आपटणारे सस्पेन्शन. हा सगळा खेळ जवळपास ११ मिनिटांचा आहे आणि त्याच्या एडिटिंगसाठी फ्रँक केलरला ऑस्कर मिळालं. (एक हिरवी फोक्सवॅगन बीटल त्यात पुन्हा पुन्हा ओव्हरटेक होते, दिसली तर ती चूक म्हणून सोडून द्या, मजा कमी होत नाही.)

सीटबेल्टचं मुद्दाम सांगितलं. मरीही तेच करते. बोलणं संपलं आता काम सुरू, हे एका छोट्या क्लिकमध्ये सांगायची ही पद्धत आहे आणि एकदा लक्षात आली की अनेक सिनेमांत सापडते.

आवाजाने सीन मारता पण येतो. १९७४ चा बाँडपट द मॅन विथ द गोल्डन गन, थायलंडमध्ये एक मोडका पूल, आणि एएमसी हॉर्नेट गाडी हवेत स्वतःभोवती अख्खी एक गिरकी घेऊन पलीकडे चाकांवर उतरते. त्या उडीचं गणित कॉम्प्युटरवर केलं होतं, त्या काळात, आणि वजन बरोबर मधे यावं म्हणून स्टिअरिंग गाडीच्या मध्यभागी आणलं होतं. एका टेकमध्ये झालं. एवढं सगळं करून वरून कार्टूनसारखा शिट्टीचा आवाज टाकलाय! आवाज बंद करून बघा, मग कळेल ते काय प्रकरण होतं.

पायरी ५: गाडी कोणाची आहे ते विचारा

या प्रकारात दोन घराणी आहेत. पहिलं बाँडचं. १९६४ च्या गोल्डफिंगरमधली अॅस्टन मार्टिन डीबी५, शेजारच्याला छतातून उडवून देणारी सीट, मशिनगन, धूर. यात आनंद कशाचा असतो तर तयारीचा, आधी वर्कशॉपमध्ये एकेक बटण दाखवतात आणि आपण वाट बघत बसतो की ते कधी दाबणार. दुसरं घराणं चोरलेल्या, मागितलेल्या, मिळेल त्या गाडीचं, तिथे आनंद जुगाडाचा. मिनी, व्होल्गा, सगळे यातले.

मला स्वतःला दुसरं जास्त आवडतं कारण मामुली गाडीत माणूस दिसतो. आणि गंमत म्हणजे बाँडवाल्यांनाही हे कळत होतं. १९८१ च्या फॉर युअर आइज ओन्लीमध्ये बाँडची लोटस चेजच्या आधीच स्फोटात जाते आणि मग त्याला पिवळ्या सित्रोएन २सीव्हीमधून डोंगरउतारावर पळावं लागतं, जिच्यात धड ताकद पण नाही. एवढं सुंदर दृश्य त्या महागड्या गाडीने झालं नसतं.

पायरी ६: कसं शूट करतात ते थोडं जाणून घ्या

फार खोलात जायची गरज नाही, काही गोष्टी पुरतात. पहिली म्हणजे वेग बराचसा कॅमेऱ्याचा असतो. कॅमेरा जमिनीजवळ नेला की तीच गाडी दुप्पट पळतेय असं वाटतं, आणि सेकंदाला २४ ऐवजी थोड्या कमी फ्रेम घेऊन नेहमीच्या वेगाने दाखवलं तरी तसंच. दुसरी, नट चालवताना दिसतो तेव्हा बऱ्याचदा गाडी दुसराच चालवत असतो, छतावर बसवलेल्या पिंजऱ्यासारख्या केबिनमधून, नाहीतर मॉस्कोच्या चेजसारखं टॅक्सीची बॉडी एका बुटक्या प्लॅटफॉर्मवर ठेवून. तिसरी, गाडी उलटवणं सोपं नसतं, उलट चांगली गाडी उलटतच नाही हीच अडचण.

कसिनो रॉयालचं घ्या, २००६. रात्रीचा रस्ता, बाँड सुसाट निघालाय, आणि हेडलाइटच्या उजेडात रस्त्यावर बांधून टाकलेली त्याची प्रेयसी वेस्पर दिसते. त्याच्याकडे निर्णय घ्यायला अर्धा सेकंद. तो स्टिअरिंग फिरवतो आणि अॅस्टन मार्टिन डीबीएस कोलांट्या खात जाते. ती गाडी इतकी बसकी आहे की नुसत्या रॅम्पवरून उलटेना, मग आत हवेच्या दाबावर चालणारी तोफ बसवली जी खाली रस्त्यावर दट्ट्या मारून गाडी उचलते, आणि स्टंट ड्रायव्हर अॅडम कर्ली आत बसलेला असताना गाडी सात वेळा फिरली. गिनीज रेकॉर्ड झाला. पण मला त्याहून मोठं हे वाटतं की अख्खा चेज सुरू व्हायच्या आधीच संपतो. आपण लांबलचक पाठलागाच्या तयारीत बसलेलो असतो आणि काही सेकंदांत तो शत्रूच्या हातात. शत्रूला माहीत होतं हा तिच्यावरून गाडी घालणार नाही. हेराचा कमकुवतपणा एका वळणात उघडा.

पायरी ७: गाडी थांबल्यावर लगेच उठू नका

चेज संपल्यावर पाणी प्यायला उठायची सवय असते, ती मोडा. पॅरिसमध्ये मिनी तळघरातल्या पार्किंगमध्ये थांबते तेव्हा दोघं काही वेळ नुसते बसून राहतात, मग बॉर्न सांगतो की ही गाडी आता सोडायची. तिची ती गाडी म्हणजे तिचं आधीचं आयुष्यच होतं, ते तिथेच राहिलं. मॉस्कोत बोगद्यात शेवटची धडक झाल्यावर बॉर्न लंगडत मर्सिडीजमधल्या मारेकऱ्यापाशी जातो, पिस्तूल रोखतो, आणि गोळी न घालता निघून जातो. त्या मारेकऱ्यानेच मरीला मारलेलं असतं. गाड्यांनी दहा मिनिटं जे काही केलं ते या एका न झाडलेल्या गोळीपाशी आणून सोडण्यासाठी होतं.

पायरी ८: कुठल्या क्रमाने बघायचं

आधी आयडेंटिटी, मग बुलिट, मग रोनिन, मग सुप्रिमसी. या चारात पाया पक्का होतो. त्यानंतर गोल्डफिंगर आणि कसिनो रॉयाल, म्हणजे बाँड ४२ वर्षांत किती बदलला ते कळतं. मग मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट, २०१८, पुन्हा पॅरिस, टॉम क्रूझ आर्क द त्रिओम्फच्या गोल चक्करमध्ये मोटरसायकल उलट्या दिशेने घालतो, हेल्मेट नाही, आणि चेहरा त्याचाच आहे हे दिसत असल्यामुळे पोटात गोळा येतो. वेगळं काही हवं तर अॅटॉमिक ब्लाँड, २०१७, भिंत पडायच्या वेळचं बर्लिन, कॅमेरा गाडीच्या आतच फिरत राहतो, कट जाणवतच नाहीत. पॅरिस तीनदा आलंय यादीत, तिन्ही वेळा ते वेगळं शहर वाटतं, तेही ताडून बघा.

एका दिवसात दोन बघू नका. चेजचा परिणाम दुसऱ्या चेजने पुसला जातो.

पायरी ९: नटाचं नाव सोडा, ड्रायव्हरचं नाव शोधा

चार-पाच सिनेमे झाले की शेवटच्या नावांत स्टंट को-ऑर्डिनेटर (स्टंट आखणारा) आणि सेकंड युनिट डायरेक्टर (असे सीन वेगळे शूट करणाऱ्या दुसऱ्या टीमचा दिग्दर्शक) कोण ते वाचायला लागा, कारण पुढचा चांगला सिनेमा शोधायचा खरा रस्ता तोच आहे. बुलिटमधला चार्जर चालवणारा बिल हिकमन, सीटबेल्ट लावतो तो चेहरा त्याचाच. त्याचं नाव धरून गेलात की १९७१ चा द फ्रेंच कनेक्शन सापडतो, जिथे रस्त्यावरची गाडी वर पुलावरून धावणाऱ्या लोकल ट्रेनचा पाठलाग करते आणि ड्रायव्हिंग पुन्हा हिकमनचं. दुसरं नाव रेमी ज्युलियन, फ्रेंच माणूस. १९६९ च्या द इटालियन जॉबमधल्या तुरिनच्या मिनी, फॉर युअर आइज ओन्लीची ती पिवळी सित्रोएन, आणि तिथून १९९५ च्या गोल्डनआयपर्यंतचे बाँडपट, सगळीकडे त्याचा हात. २०२१ मध्ये तो गेला. या लोकांच्या कामाला ऑस्करमध्ये स्वतंत्र बक्षीसच नव्हतं, ते आता येतंय, २०२७ मध्ये रिलीज होणाऱ्या सिनेमांपासून, म्हणजे पहिलं २०२८ च्या सोहळ्यात मिळेल. तोवर रेमी ज्युलियनची यादी काढा आणि फॉर युअर आइज ओन्लीपासून सुरू करा.